खोड आणि खोडवा

सवय म्हणजे ठरलेल्या खुणेला विचार न करता दिलेले ठरलेले उत्तर. घराबाहेर पडताना हात आपोआप कडीकडे जातो, कुलूप लागते, किल्ली खिशात पडते. आणि गल्लीच्या टोकाला पोचल्यावर कुलूप लावले की नाही, हेच आठवत नाही. कुलूप लावताना मन तिथे नव्हतेच, मग आठवणार काय? अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ वेंडी वुड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात विद्यार्थ्यांना दिवसभर तासातासाला दोन गोष्टी टिपून ठेवायला सांगितल्या होत्या: हात काय करत आहेत आणि मनात काय चालले आहे. सुमारे ४३ टक्के कृती जवळपास रोज आणि बहुधा त्याच जागी होत होत्या, आणि त्या वेळी मन बहुतेकदा भलतीकडेच होते.

मेंदूने ही सोय स्वतःसाठी करून घेतलेली असते. बेसल गँग्लिया या मेंदूच्या खोल भागातील पेशी वारंवार होणाऱ्या कृतींचा एक गठ्ठा बांधतात. मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेत अ‍ॅन ग्रेबिएल यांनी उंदरांवर केलेल्या प्रयोगांत हे स्पष्ट दिसले. इंग्रजी टी अक्षरासारख्या बोगद्यात उंदीर नवखा असताना या पेशी वाटभर जाग्या होत्या. वाट पाठ झाली तशा त्या फक्त सुरुवातीला आणि शेवटी जाग्या होऊ लागल्या. मधले सारे चालणे, वळणे एकसंध होऊन गेले. मराठीत याला ‘अंगवळणी पडणे’ म्हणतात, आणि शब्द अगदी नेमका आहे. वळण पडते ते अंगाला. विल्यम जेम्स यांनी १८९० च्या आपल्या मानसशास्त्राच्या ग्रंथात सवयीची चर्चा करताना लेओं द्यूमाँ या फ्रेंच विचारवंताने दिलेला पाण्याचा दाखला घेतला आहे. पाणी वाहता वाहता स्वतःचा पाट कोरते आणि पुढच्या वेळी त्याच पाटाने जाते, असा त्याचा आशय.

पाट कोरला जातो हे खरे, पण तो बुजवायचा कसा? ‘शिकणे’ आणि ‘विसरणे’ हे दोन शब्द मराठीत आहेत. शिकलेले जाणूनबुजून बाजूला सारण्याला मात्र रुळलेला एक शब्द नाही. लोक ‘सवय मोडणे’ म्हणतात. पण सवय खरोखर मोडते का? इव्हान पाव्हलॉव्ह यांच्या प्रयोगशाळेतच याचे पहिले उत्तर मिळाले होते. खुणेमागून अन्न येणे बंद झाले की कुत्र्याच्या तोंडाला पाणी सुटणेही हळूहळू थांबे. मात्र काही काळ जाऊन तीच खूण पुन्हा दिली की पाणी पुन्हा सुटे. ग्रेबिएल यांच्या उंदरांचेही तेच झाले. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या प्रयोगात बक्षीस काढून घेतल्यावर पेशींची ती घडी विसकटली आणि बक्षीस परत येताच जशीच्या तशी बसली. सवय मिटलेली नव्हती, दबून बसली होती.

उसाच्या मुलखात हे समजावून सांगायला फार शब्द लागत नाहीत. ऊस तुटतो, रान मोकळे दिसते, पण जमिनीत बुडखे शिल्लक असतात. पाणी मिळाले की त्यांना फुटवे येतात आणि वर्षभरात पुन्हा ऊस उभा राहतो. त्याला खोडवा म्हणतात, आणि त्यानंतरच्या पिकाला निडवा. झाडाचे ते खोड आणि माणसाची ती खोड, मराठीत लिंग वेगळे पण शब्द एकच. ‘जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही’ ही म्हण अर्धीच खरी आहे. खोड बुडख्यासारखी आत राहते हे खरे, पण तिला फुटवा येतोच असे नाही. तो कशाने येतो आणि कशाने थांबतो, हे पाहायला कोल्हापूर जिल्ह्यातील जयसिंगपूरच्या आसपासचा शिरोळ तालुका फार चांगली जागा आहे.

जयसिंगपूर ही राजर्षी शाहू महाराजांनी आपले जनक वडील जयसिंगराव घाटगे यांच्या नावाने, मिरज–कोल्हापूर रेल्वेमार्गावर वसवलेली बाजारपेठ. तालुक्यातून कृष्णा, पंचगंगा, वारणा आणि दूधगंगा वाहतात. नृसिंहवाडीला कृष्णा-पंचगंगेचा संगम आहे. गळीत हंगामाच्या तोंडावर स्वाभिमानी शेतकरी संघटनेची ऊस परिषद जयसिंगपुरातच भरते. नद्यांचा असा मुलूख असूनही इथल्या जुन्या पिढीची पाण्याची सवय टंचाईत घडलेली आहे. विहिरीवर मोट होती तेव्हा बैलांच्या दमाइतकेच पाणी मिळे. पुढे उपसा योजना आल्या, सहकारी पाणीपुरवठा संस्था आल्या, आणि पाणी पाळीने मिळू लागले. पाळी चुकली तर पुढची कधी येईल याची खात्री नसे. अशा काळात ‘मिळेल तेव्हा घेऊन ठेवावे’ हेच शहाणपण होते. त्याने पिके वाचली, संसार उभे राहिले. सोडाव्या लागणाऱ्या बहुतेक सवयींचा इतिहास असाच असतो. ज्या काळात त्या घडल्या त्या काळाचे ते बरोबर उत्तर होते. सवय मोडायला निघालेला माणूस हे ध्यानात घेत नाही आणि स्वतःला किंवा वडिलांना अडाणी ठरवतो. तिथेच काम बिघडते, कारण अपमानित मन सवयीला आणखी घट्ट धरते.

काळ बदलला, मोटेच्या जागी पंप आला, पण खूण आणि उत्तर तेच राहिले. शेतीपंपाला वीज आठवड्याच्या आलटापालटीने दिवसा आणि रात्री येते. रात्रपाळीच्या आठवड्यात मोटर ‘ऑटो’वर टाकलेली असते. वीज आली की मोटर आपोआप सुरू होते, पाणी पाटाने पहिल्या सरीत शिरते, आणि बॅटरी घेऊन दारे धरायला गेलेला माणूस एकेक सरी भरत जातो. थंडी असते, सापाची भीती असते, डोळ्यांवर झोप असते. शेवटच्या सऱ्या बहुधा वीज जाईपर्यंत भरत राहतात. या साऱ्या व्यवहारात उसाला तहान लागली आहे का, हा प्रश्न कुठेच येत नाही. पाणी देण्याची खूण म्हणजे वीज येणे. उसाच्या मुळांशी तिचा काही संबंध नसतो.

सवय टिकते ती तिच्या शेवटी मिळणाऱ्या समाधानामुळे. ओले रान डोळ्यांना दिसते आणि जीव शांत होतो. जादा पाण्याला आवर घालणारे काही समोर येत नाही. अनेक संस्थांची पाणीपट्टी एकरावर असते, घेतलेल्या पाण्याच्या मापावर नसते. कारखाना उसाचे पैसे वजनावर देतो. नुकसान होते, पण ते जमिनीखाली आणि वर्षानुवर्षांच्या गतीने होते. भारी काळ्या जमिनीतून पाण्याचा निचरा मुळात मंद. वरून पाणी येतच राहिले की भूजलाची पातळी चढते. मग मातीच्या बारीक पोकळ्यांतून ते पाणी वर ओढले जाते, उन्हाने उडून जाते आणि विरघळलेले क्षार पृष्ठभागावर सोडते. सकाळी रान पांढुरके दिसू लागते. त्याला लोक ‘मीठ फुटले’ म्हणतात. पुढे सोडियम वाढला की मातीची कणरचना मोडते, ती ओली असताना चिकट आणि वाळल्यावर दगडासारखी होते; ही चोपण जमीन. उगवण विरळ होते, उतारा घटतो, आणि शेवटी तिथे कुसळही उगवत नाही. कोणत्याही एका पाळीचे पाणी या नुकसानाला कारण नसते. प्रत्येक रात्री ते निर्दोषच वाटते. रोजच्या सवयीने माणूस घडतो तो याच चालीने, आणि बिघडतो तोही.

शिरोळ तालुक्यात अशी जमीन सुधारण्याचे मोठे काम झाले आहे. शिरोळच्या श्री दत्त शेतकरी सहकारी साखर कारखान्याने गणपतराव पाटील यांच्या पुढाकाराने शेतकऱ्यांना एकत्र करून क्षारपड जमिनीत सच्छिद्र पाइप घालण्याचा कार्यक्रम राबवला. या पद्धतीत सुमारे चार फुटांच्या आसपास खोलीवर ठरावीक अंतराने छिद्रांचे पाइप पुरतात. जादा पाणी त्यांत झिरपते, विरघळलेले क्षार बरोबर घेते आणि मोठ्या पाइपमधून ओढ्याकडे वाहून जाते. जोडीला माती परीक्षणानुसार जिप्सम, धैंचा किंवा तागासारखे हिरवळीचे खत. वर्षानुवर्षे पडीक असलेल्या रानांत पुन्हा ऊस उभा राहिला. हे एकट्याने होण्यासारखे नव्हते, कारण एकाच्या रानातले पाणी बाहेर काढायला दुसऱ्याच्या रानातून वाट लागते.

पण पाइपने निचरा होतो, मनातली पाळी तशीच राहते. चांगल्या झालेल्या रानात पहिल्याच हंगामात पुन्हा मोकाट पाणी सुरू झाले तर खर्च झालेला पैसा आणि श्रम दोन्ही पाण्याबरोबर जातात. म्हणून खरे काम खूण बदलण्याचे असते. ‘वीज आली’ या खुणेच्या जागी ‘वाफसा गेला’ ही खूण आणायची.

वाफसा म्हणजे मातीच्या पोकळ्यांत पाणी आणि हवा दोन्ही योग्य प्रमाणात असण्याची अवस्था. मुळांना श्वास लागतो, हे शेतकऱ्याला शिकवावे लागत नाही. पण पाणी दिसल्यावर ते आठवत नाही. वाफसा पाहायला यंत्र नसले तरी चालते. सरीच्या बगलेत वीतभर खोल खुरप्याने उकरावे, तळची मूठभर माती घ्यावी, मुठीत दाबावी. गोळा होतच नसेल आणि माती भुरभुरत असेल तर पाण्याची वेळ झाली. गोळा झाला, आणि कमरेच्या उंचीवरून टाकल्यावर फुटला, तर वाफसा आहे. गोळा चिखलासारखा चपटा बसला आणि तळव्याला ओल चिकटली, तर पाणी अजून लांब. वरची माती वाळून भेगाळलेली असताना वीतभर खालची माती मुठीत गोळा होते, हे पहिल्यांदा पाहणाऱ्याला नवल वाटते. ज्या रानात त्याने तीस वर्षे पाणी पाजले त्या रानाचा हा थर त्याने कधी हातात घेतलेला नसतो.

नवी सवय अशी हाताला काहीतरी करायला देते म्हणून टिकते. ‘पाणी कमी द्या’ हा उपदेश टिकत नाही, कारण त्यात हाताला काम नाही. जर्मन मानसशास्त्रज्ञ पेटर गोल्विट्झर यांनी १९९९ साली आपल्या संशोधनाचा आढावा घेताना हेच दाखवले होते: नुसत्या निश्चयापेक्षा ‘अमुक झाले की मी तमुक करीन’ अशा शब्दांत बांधलेला बेत कितीतरी अधिक वेळा तडीस जातो. वीज आली की आधी मूठ, मग बटण.

ठिबक संचाची गोष्ट याहून गुंतागुंतीची आहे. त्यात पाणी थेंबाथेंबाने मुळांशी जाते आणि खतही त्यातूनच देता येते. पण पाणी ‘दिसत’ नाही. ठिबक बसवल्यानंतरही ‘उसाचं मन भरत नाही’ म्हणून अधूनमधून सरीतून पाणी सोडणारे शेतकरी आढळतात. मन भरत नाही ते शेतकऱ्याचे. साधन बदलले, जुने समाधान मात्र तेच हवे आहे. अशा वेळी त्या समाधानाला दुसरी जागा द्यावी लागते: वहीत तारीख आणि पाण्याचे तास लिहिणे, किंवा आठवड्याला उसाच्या पेऱ्याची लांबी मोजणे. डोळ्यांना काहीतरी दिसले पाहिजे, ही गरज खोटी नाही.

वय वाढलेल्या माणसाला सगळ्यात जड जाते ते नवखे होणे. गावात ज्याच्या शब्दाला मान आहे, ज्याच्या उसाकडे लोक बोट दाखवतात, त्याने शेजाऱ्याचे रान तुडुंब भरलेले असताना आपले कोरडे ठेवायचे आणि बांधावरच्या माणसाने ‘काय तात्या, मोटर जळाली काय?’ म्हणून विचारले की उत्तर द्यायचे. जाणतेपण ही त्याची कमाई असते. ती काही काळ बाजूला ठेवता येणे हीच व्यक्तीच्या वाढीची खरी पायरी आहे, आणि ज्याच्याजवळ सोडण्यासारखे काहीच नाही त्या तरुणापेक्षा ती या माणसाला कितीतरी महाग पडते. त्याचे श्रेय त्याला मिळाले पाहिजे.

कोल्हापूरचे कृषी पदवीधर शेतकरी आणि लेखक प्रताप चिपळूणकर यांचे उदाहरण इथे घ्यावे लागते. नांगरट हा शेतीचा पायाच, असे विद्यापीठही शिकवते आणि आजोबाही. चिपळूणकरांनी आपल्या रानात उतारा घटत जाण्याचे कारण शोधताना सूक्ष्मजीवशास्त्र वाचले आणि या पायालाच हात घातला. ऊस तुटल्यावर खोडकी नांगरून, वेचून, बांधावर टाकण्याऐवजी ती जागच्या जागी मारून कुजू द्यायची, म्हणजे मुळांच्या जाळ्याचे सेंद्रिय खत मातीत फुकटात तयार होते, असा त्यांचा मार्ग. ‘नांगरणीशिवाय शेती’ हा त्यांच्या लेखनाचा विषय झाला. त्यांची पद्धत प्रत्येक जमिनीत जशीच्या तशी चालेल का, हा वेगळा प्रश्न. पण पदवीने दिलेले ज्ञान पदवीधरानेच तपासून बाजूला ठेवणे ही दुर्मीळ गोष्ट आहे.

उसाच्या वाळलेल्या पानांचे, म्हणजे पाचटाचे, तेच. तोडणीनंतर पाचट पेटवले की रान स्वच्छ दिसते, उंदीर-किडीची धास्ती जाते, पाणी धावते, खोडवा एकसारखा फुटतो. ही सारी कारणे समजण्यासारखी आहेत. आता बुडखे जमिनीलगत छाटून पाचट सऱ्यांत दाबणारे, त्यावर युरिया, सुपर फॉस्फेट आणि कुजवणारे जिवाणू टाकणारे शेतकरी वाढत आहेत. त्यांना ओल टिकलेली दिसते आणि तण कमी दिसते. काडीची जागा कोयत्याने घेतली.

जागा बदलली तर सवय सुटायला मदत होते, हे अमेरिकेत ली रॉबिन्स यांच्या १९७० च्या दशकातील अभ्यासाने दाखवले. व्हिएतनाममध्ये हेरॉइनच्या आहारी गेलेल्या सैनिकांपैकी मायदेशी परतल्यावर पहिल्या वर्षात पुन्हा व्यसनात पडलेले साधारण ५ टक्केच होते. ज्या खुणांनी व्यसन जागे होई त्या समुद्रापार राहिल्या. शेतकऱ्याला मात्र रान बदलता येत नाही. तशी जागा संसारातल्या बहुतेक माणसांनाही बदलता येत नाही. त्यांना त्याच घरात, त्याच उंबऱ्यावर वागणे बदलावे लागते.

त्याच उंबऱ्यावर बदल घडवण्याचे मोठे उदाहरण जयसिंगपूर वसवणाऱ्या राजाचेच आहे. अस्पृश्यता ही धर्मशास्त्रातली तरतूद होती, तशीच ती लाखो माणसांच्या अंगवळणी पडलेली रोजची कृतीही होती: पाणी वरून ओतणे, अंतर राखून चालणे, हात आखडणे. शाहू महाराजांनी तिच्याविरुद्ध हुकूम काढले, माणगावच्या १९२० च्या परिषदेत ते डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पाठीशी उभे राहिले. याशिवाय त्यांनी आणखी एक साधी गोष्ट केली. संस्थानच्या चाकरीत असलेल्या गंगाराम कांबळे यांना पाण्याला शिवल्याबद्दल मारहाण झाली होती. महाराजांच्या मदतीने गंगाराम यांनी कोल्हापुरात चहाचे दुकान काढले. दलिताच्या हातचा चहा कोण पिणार, म्हणून गिऱ्हाईक फिरकेना. तेव्हा महाराज आपली गाडी त्या दुकानासमोर थांबवू लागले, स्वतः चहा घेऊ लागले आणि बरोबरच्या उच्चवर्णीय मंडळींनाही कप घ्यायला लावू लागले. वाद घालून जे मन वळले नसते त्याच्या हातात कप आला. ओठाला लागलेला पहिला कप किती जड गेला असेल! पण पुढच्या खेपेला गाडी तिथेच थांबते हे ठाऊक झाल्यावर हात थोडा सैल सुटला असणार. मताच्या आधी हात बदलू शकतो, आणि पुष्कळदा मत हाताच्या मागून येते. ज्यांना आयुष्यभर ही सवय सोसावी लागली त्यांना मात्र इतरांची मने बदलेपर्यंत वाट पाहायला लावणे न्यायाचे नव्हते. म्हणून हुकूमही हवेच होते.

ज्ञानाचीही सवय होते, आणि ती ओळखणे अधिक अवघड, कारण ती अनुभव या नावाने वावरते. २००५ च्या महापुरात पाणी कुठवर आले होते, हे नदीकाठच्या गावांत प्रत्येकाला पाठ होते. भिंतींवर खुणा होत्या. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी चढू लागले तेव्हा अनेक कुटुंबांनी त्या खुणेवर भरवसा ठेवला: तेव्हा उंबऱ्याला लागले नव्हते, आताही लागणार नाही. कोल्हापूरजवळच्या राजाराम बंधाऱ्यावर धोक्याची पातळी ४३ फूट आहे. त्या वर्षी पाणी ५५ फुटांच्या पुढे गेले. शिरोळ तालुक्यातील अनेक गावांना वेढा पडला, माणसे नावांतून काढावी लागली. जुलै २०२१ मध्ये त्याच बंधाऱ्यावर पाणी ५६ फुटांच्या पुढे गेले. पण या खेपेला पुष्कळ घरांनी पाणी दारात येण्याची वाट पाहिली नाही. आधी जनावरे सोडवली, मग धान्याची पोती माळ्यावर, मग माणसे बाहेर. दोन वर्षांत जुनी खूण मनातून उतरली होती. इतक्या लवकर ती उतरली याचे कारण तिची जबर किंमत मोजावी लागली होती. एरवी सवयी मोडायला अशी किंमत लागू नये, म्हणूनच वाफशाच्या मुठीसारख्या स्वस्त कसोट्या शोधायच्या.

नवी सवय बसायला किती दिवस लागतात? ‘२१ दिवस’ हा आकडा सर्वत्र सांगितला जातो, पण त्याला आधार नाही. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ९६ स्वयंसेवकांवर केलेल्या अभ्यासात साधारणपणे ६६ दिवस निघाले, आणि माणसागणिक, कृतीगणिक हा काळ १८ पासून २५४ दिवसांपर्यंत पसरलेला होता. जेवणाबरोबर पाणी पिण्यासारखी साधी कृती लवकर बसली, व्यायामाला वेळ लागला. त्या अभ्यासातली दिलासा देणारी गोष्ट अशी की एखादा दिवस चुकल्याने सवय बसण्यात म्हणावा असा फरक पडला नाही. खंड पडला म्हणून सारेच सोडून देणाऱ्यांसाठी हे फार महत्त्वाचे आहे. हे आकडे रोज करता येणाऱ्या कृतींचे आहेत. उसाला पाणी रोज दिले जात नाही. लागणीपासून तोडीपर्यंत पाळ्या मोजक्याच येतात. म्हणून पाण्याचे वळण बदलायला एक पूर्ण लागण आणि तिचा खोडवा एवढा काळ सहज जातो, आणि मधल्या एखाद्या रात्री झोपेच्या गुंगीत जुन्याच पाटाने पाणी सुटले तर त्यात नवल नाही.

घरातल्या पोरांची गोष्ट वेगळी आहे. सुट्टीच्या दिवशी वडिलांबरोबर रानात गेलेले दहा वर्षांचे पोर खुरप्याने सरीची बगल उकरते, मूठ दाबते, गोळा कमरेवरून टाकते आणि ‘फुटला’ म्हणून ओरडते. पाणी पाहायची रीत म्हणून त्याला ही एकच ठाऊक असते.